नाते : मावशी

तृप्ती मगदूम एसटीच्या मार्ग तपासणी पथकात होती. बारा वर्षांच्या नोकरीत तिने इतके चेहरे वाचले होते, की गाडीत पाऊल टाकलं की विनातिकीट माणूस कुठल्या बाकावर बसलाय ते तिला तिकीट न मागताच कळायचं. जो खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतोय, तो. आणि खोटं बोलणारा माणूस आधी घसा खाकरतो, हे ती पथकात नव्याने येणाऱ्यांना आवर्जून सांगायची.

त्यामुळे त्या शनिवारी सकाळी नवऱ्याने घसा खाकरला, तेव्हा चपाती लाटता लाटता तिचे हात थांबले.

"पृथाच्या नोंदीचं पत्र आलंय," अभिनंदन म्हणाला. "काहीतरी गोंधळ झालेला दिसतोय. सोमवारी मी जाऊन निस्तरून येतो. तू नको येऊस."

"का नको?"

"उगाच तुझी रजा जाईल."

रजेची काळजी त्याने लग्नाच्या तेरा वर्षांत कधी केली नव्हती. तृप्तीने पिठाच्या हातानेच पत्र ओढून घेतलं. पृथा अभिनंदन मगदूम, वय वर्षे दहा. पित्याशी जुळणी पूर्ण. मातेशी जुळणी नाही. त्याखाली तिचं स्वतःचं नाव होतं आणि नावापुढे एक ओळ होती. मुलीशी जैविक नाते : मावशी.

व्यक्तिनोंद कायदा येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्याआधीच्या काळात चेहरा, आवाज, अंगठ्याचा ठसा, सगळंच हुबेहूब बनवता येऊ लागलं होतं. जिवंत माणसं कागदावर मरत होती आणि मेलेली माणसं जमिनी विकत होती. शेवटी सरकारने एकच गोष्ट ग्राह्य धरली, ती म्हणजे जनुकं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, पेशींमधला जनुकसंच वाचायचा आणि त्याला एक क्रमांक द्यायचा. कायद्याचं पहिलंच कलम शाळेतल्या मुलांनाही पाठ होतं : एक जनुकसंच, एक व्यक्ती. मूल दहा वर्षांचं झालं की त्याची नोंद व्हायची आणि आई-बाप कोण हे यंत्र आपोआप पडताळून बघायचं. आईची निम्मी जनुकं मुलात उतरतात, सख्ख्या मावशीशी साधारण पाव हिस्सा जुळतो. यंत्राला पाव हिस्सा सापडला होता.

यंत्र चुकलं असेल म्हणून दोघं सोमवारी कचेरीत गेली. पुन्हा काडी फिरवली, पुन्हा तेच आलं.

तृप्तीला बहीण एकच होती. प्राजक्ता. तिच्याहून चार वर्षांनी धाकटी.

परतताना रिक्षात तृप्ती मागचं सगळं आठवत राहिली. पृथा काही सहजासहजी झाली नव्हती. इथल्याच, मिरजेच्या एका रुग्णालयात दोन वर्षं उपचार घेऊन, शरीराबाहेर गर्भ तयार करून, तिसऱ्या खेपेला ती राहिली. आणि त्या वेळी त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत प्राजक्ता नोकरीला होती. तिसऱ्या खेपेला तीच तर म्हणाली होती, "ताई, या वेळी होणार बघ." इतक्या खात्रीने कशी काय म्हणाली होती? दहा वर्षं जे वाक्य तृप्तीने मायेने जपलं होतं, ते आता तिने उलटंसुलटं करून बघितलं. आपली बीजं कामाची नाहीत हे त्या दोघांना कळलं असेल. मग धाकटीने स्वतःचं बीज दिलं असेल. नवऱ्याने मान डोलावली असेल. आणि आपल्याला सांगायचं नाही असं ठरलं असेल.

"तू आणि प्राजूने काय केलंत?" घरी आल्यावर तिने दार लावून विचारलं.

"वेडी झालीस का?"

"मग मला कचेरीत येऊ नकोस का म्हणालास?"

"ते पत्र वाचून तुझं हे असं होणार, म्हणून!"

तो चिडला होता. पण खरा चिडलेला आणि पकडला गेल्याने चिडलेला, यांतला फरक तृप्तीला गाडीत ओळखता यायचा. घरात येईना.

नातेपडताळणीचा अर्ज कुणालाही कुणाविरुद्ध करता येत असे, फक्त कारण लिहावं लागे. तृप्तीने बहिणीचं नाव घातलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'फसवणुकीचा संशय'. जयसिंगपूर मिरजेपासून अर्ध्या तासावर. प्राजक्ताची तिथे स्वतःची रक्त तपासणीची प्रयोगशाळा होती. तृप्तीला जाऊन विचारता आलं असतं, फोन तर केव्हाही करता आला असता. तिने दोन्ही केलं नाही.

आठ दिवसांनी प्राजक्ता मिरजेच्या स्थानकावर येऊन उभी राहिली. तृप्ती नुकतीच कुरुंदवाड गाडीतून उतरत होती. प्राजक्ताच्या हातात नोटीस होती.

"काडी देऊन आले मी आत्ताच," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हे तुला सांगायला आले."

"प्राजू, माझ्या जागी तू असतीस तर..."

"ताई, तू त्या वेळी नुसतं म्हणाली असतीस ना, की प्राजू, माझ्यानं होत नाही, तू दे, तर मी दिलं असतं. आत्ता विचारलं असतंस, तर शपथेवर सांगितलं असतं की तसं काही झालं नाही. पण तू विचारलंच नाहीस. थेट तपासायला काढलंस मला."

भोवती उतारूंची वर्दळ होती. एक म्हातारा तृप्तीचा गणवेश बघून नृसिंहवाडीची गाडी कुठं लागते म्हणून विचारत होता. तिने त्याला फलाट दाखवला आणि वळून पाहिलं, तर प्राजक्ता निघून गेली होती.

पडताळणीचा निकाल तिसऱ्या दिवशी आला. प्राजक्ता चौगुले. मुलीशी जैविक नाते : मावशी.

दोघीही मावश्याच. म्हणजे आई तिसरीच कुणीतरी होती आणि ती या दोघींची सख्खी बहीण होती. एकाच आईची, एकाच बापाची. कचेरीतला अधिकारी चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, तुमच्या आईंना विचारा. एखादी मुलगी दत्तक दिली होती का? आणि ती तुमच्या त्या रुग्णालयात कधी आली होती का? आम्हाला आता हे पोलिसांकडे पाठवावं लागेल."

तृप्ती कुरुंदवाडला गेली. आई, वैजयंताबाई, अंगणात शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होती. तिसरी मुलगी कुठे आहे, असं लेकीने विचारल्यावर तिला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिने शेंगा बाजूला ठेवल्या.

"दोनदा कळा सोसल्या मी. तू झालीस तेव्हा दीड दिवस, आणि प्राजूच्या वेळी पाच तास. तिसऱ्यांदा सोसल्या असत्या तर विसरले असते होय गं?"

"आई, रागावू नकोस. बाबांनी परस्पर काही... म्हणजे जुळं झालं असेल, एक दिलं असेल कुणाला..."

"गेलेल्या माणसावर तरी नको बाई," आई म्हणाली. "माझ्यावर घे काय घ्यायचा तो संशय. मी बसलीय इथं जिवंत."

ती पुन्हा शेंगा मोडू लागली. लेक जायला निघाली तरी तिने मान वर केली नाही.

त्यानंतर पंधराच दिवसांत पृथा शाळेच्या जिन्यावरून पडली. हात कोपरापाशी मोडला होता. तृप्ती ड्युटी सोडून रुग्णालयात पोचली. हाड बसवायला भूल द्यायची होती, भुलीच्या कागदावर सही हवी होती. काउंटरवरच्या मुलीने क्रमांक टाकला, पडद्याकडे बघितलं आणि कागद परत ओढून घेतला.

"मावशीची सही चालत नाही. वडिलांना बोलवा."

"मी आई आहे तिची."

"इथं माता अनिर्णित असं दाखवतंय, मॅडम."

अभिनंदन सांगलीत बेदाण्याच्या शीतगृहावर कामाला होता. तो येईपर्यंत पाऊण तास पृथा कण्हत होती आणि ज्या बाईने तिला नऊ महिने पोटात वाढवलं होतं, ती नुसती तिच्या कपाळावरून हात फिरवत बसली होती. तो धावत आला, सही केली, एका मिनिटात दार उघडलं. सही करताना त्याने तृप्तीकडे बघितलं नाही. त्याला ओशाळं वाटत होतं म्हणून, की आपल्या सहीची किंमत त्याला तेवढ्यात कळली म्हणून? तृप्तीने तो प्रश्नही मनात ठेवून दिला. असे बरेच साठले होते.

अनिर्णित मातेची नोंद असली की रुग्णालयाला आपल्या जनुकतज्ज्ञांना कळवावं लागे. त्या डॉ. सलमा बागवान. पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. पृथा शुद्धीवर येईपर्यंत त्यांनी तृप्तीचे सगळे कागद वाचले.

"दोन्ही बहिणी मावशी," त्या म्हणाल्या. "आणि मूल तुमच्याच पोटी झालं. तिसऱ्या बहिणीला सगळे शोधतायत. तिला तुमच्यातच शोधलं का कुणी?"

"म्हणजे?"

त्यांनी समोरच्या कागदावर दोन वर्तुळं काढली. "तुमच्या आईच्या पोटात तुमच्या वेळी दोन बीजं फळली असणार. दोन वेगळ्या बहिणी. पण पहिल्या चार-पाच दिवसांतच, दोन्ही गर्भ सुईच्या टोकाएवढे असताना, ते एकमेकांत मिसळले. दोघींचा मिळून एकच गर्भ झाला. आईला ते कळणं शक्य नाही, कुठल्या तपासणीत दिसणंही शक्य नाही. मग शरीर घडताना काही भाग एकीच्या पेशींनी बांधला, काही दुसरीच्या. तुमचं रक्त, गाल एकीचे. आणि बीजकोश दुसरीचे असतील, तर तुमच्या पोटी येणारं प्रत्येक मूल त्या दुसरीचं. फार विरळा असतं, पण असतं."

पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून बीजकोशाचा तिळाएवढा तुकडा काढला. तो पृथाशी नेमका निम्मा जुळला. माता : जुळणी पूर्ण.

तृप्तीला वाटलं, संपलं. पोलिसांत गेलेला कागद परत येईल, बहिणीच्या पाया पडू, आईच्या पाया पडू. पण व्यक्तिनोंद कचेरीने नियमानुसार त्या तिळाएवढ्या तुकड्याला नवा क्रमांक दिला. एक जनुकसंच, एक व्यक्ती. कागदोपत्री एक नवी बाई जन्माला आली. तिला नाव नव्हतं, पत्ता तृप्तीचाच होता, आणि पृथाची आई ती होती.

"तिचा आणि माझा क्रमांक एक करून टाका की," तृप्ती वकिलांना म्हणाली.

सांगलीच्या ॲडव्होकेट वसुंधरा नायकवडी हसल्या. "एका माणसाच्या नावावर दोन जनुकसंच दाखवायचे, हाच तर जुन्या भामट्यांचा धंदा होता. कायद्याने ती वाट मुद्दाम बंद केलीय. जुळ्यांची सोय त्यात आहे. एका जनुकसंचाची दोन माणसं कायद्याला ठाऊक होती, दोन जनुकसंचांचं एक माणूस ठाऊक नव्हतं. दुरुस्ती संसदेत होईल तेव्हा होईल."

"पण ती माणूस नाहीच, मॅडम. तुकडा आहे माझा."

"कायद्याला हातपाय लागत नाहीत, तृप्तीबाई. साखर कारखाना कायद्याने व्यक्ती आहे. देवळातली मूर्ती व्यक्ती आहे, तिच्या नावावर जमीन असते, ती दावा लावते. ज्याच्या नावाने हक्क सांगता येतो, ती व्यक्ती. तुमची ही बहीण आता तशी झालीय." त्यांनी एक छापील नमुना पुढे सरकवला. "सोपा मार्ग आहे. ती मेली असं प्रतिज्ञापत्र द्या. आई मयत झाली की मुलीला दत्तक घ्या. महिन्याभरात सुटाल."

"स्वतःची मुलगी दत्तक?"

"कागदावर."

अभिनंदनला हा मार्ग पटला. तो म्हणाला, "सही कर आणि मोकळी हो. गेले चार महिने शाळेपासून लसीपर्यंत सगळीकडे मीच पळतोय."

"जड झालंय का ते तुला? मला तर वाटलं, अंगवळणी पडलंय."

तो तिच्याकडे वळला. "मी तिला घेऊन पळून जाणार आहे, असं वाटतं का तुला?"

"मी तसं म्हटलं?"

"तुझे डोळे म्हणतात. घरात पाऊल टाकलं की तू माझ्याकडे तिकीट मागितल्यासारखी बघतेस. मी काही केलं नव्हतं, तृप्ती. डॉक्टरांनीसुद्धा सांगितलं. तरी तू अजून बघतेच आहेस."

 संशयाचं कारण गेलं होतं, सवय तेवढी राहिली होती.

दुपारी ती नमुना भरायला बसली. मृत्यूचा दिनांक. मृत्यूचे कारण. मृतदेहाची विल्हेवाट कोठे व कशी लावली. शेवटी, 'वरील मजकूर खरा असल्याची मी शपथ घेते'. दुसऱ्याचं खोटं पकडण्यात तिचा जन्म गेला होता. पहिल्या रकान्यावर पेन टेकवून ती तारीख शोधू लागली. कुठली घालायची? पृथा राहिली त्याआधीची? मग पृथाला जन्म कुणी दिला? नंतरची? पण महिन्याच्या महिन्याला तिचं शरीर अजून सांगत होतं, की ती आत आहे आणि तिचं काम चालू आहे. सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, प्रत्येक जण निर्दोष निघाला होता. आता उरलेल्या एकीला, जिने तिला मूल दिलं, तिला मारून मोकळं व्हायचं होतं.

तिने पेनाला टोपण लावलं आणि नायकवडींना फोन केला. "मी सही करणार नाही. ती जिवंत आहे. तसं सांगायचं कोर्टात."

"लांबेल."

"लांबू दे."

सात महिने लांबलं. डॉ. बागवान साक्षीला आल्या, वैजयंताबाई कुरुंदवाडहून आल्या. नायकवडींनी प्राजक्तालाही समन्स काढलं होतं. ती आली, मागच्या बाकावर बसली, विचारलं तेवढं बोलली.

न्यायाधीश तरुण होत्या. त्यांनी निकाल स्वतः वाचला. ही व्यक्ती हयात आहे. तिला बोलता येत नाही, सही करता येत नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती अज्ञान, म्हणजे लहान मुलासारखी, आहे आणि कायम अज्ञान राहील. तिला पालक लागेल. मुलीच्या बाबतीतले आईचे सगळे अधिकार तो पालक वापरेल किंवा मुखत्यारपत्राने तृप्ती मगदूम यांना देऊ शकेल.

"मीच होते पालक," तृप्ती उठून म्हणाली.

"तुम्हाला होता येणार नाही," न्यायाधीश म्हणाल्या. "तुमचं आणि तिचं शरीर एक आहे. उद्या तुम्ही बीजकोश काढून टाकायचं ठरवलंत, तर तिचा जीव जाईल. तुमच्यापासून तिचं रक्षण करणारं कुणीतरी हवं. रक्ताचं हवं, आणि तुमच्यावर लक्ष ठेवू शकेल असं हवं."

वैजयंताबाईंचं वय सत्तरीच्या पुढे गेलेलं. अभिनंदन मुलीचा बाप, म्हणजे पक्षकार.  तृप्तीने मागे वळून बघायचं टाळलं. ज्या बाईला तिने नोटीस पाठवली, तिच्याच मर्जीवर आता आपलं आईपण ठेवायचं, हे मागण्याचं तोंड तिला उरलं नव्हतं.

मागच्या बाकावरून आवाज आला. "मी होते."

बाहेर व्हरांड्यात तृप्तीने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. प्राजक्ताने तो सोडवून घेतला. "तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "पृथाला परत कधी सहीसाठी ताटकळायला लागू नये म्हणून." तिथेच उभ्या उभ्या तिने मुखत्यारपत्रावर सही केली आणि जयसिंगपूरची गाडी पकडली.

पालकाने वर्षातून एकदा पालित व्यक्तीची समक्ष पाहणी करून कचेरीला अहवाल द्यायचा, अशी अट होती. त्या वर्षात प्राजक्ता एकदाही आली नाही. पृथा सुट्टीत तिच्याकडे राहून यायची आणि मावशीने काय काय खायला केलं ते सांगायची. तृप्ती काही विचारायची नाही. न विचारणं ती नव्याने शिकत होती. अभिनंदनच्या बाबतीतही. तो उशिरा आला तर ती जेवण गरम करायची आणि कारणाची वाट बघायची नाही. कधी कधी कारण तो आपण होऊन सांगायचा.

वर्ष भरायला चार दिवस असताना, रविवारी सकाळी प्राजक्ता आली. खुर्चीवर बसली, पर्समधून छापील अहवाल काढला आणि अनोळखी घरी जनगणनेला आल्यासारखी विचारू लागली.

"पालित व्यक्तीचं वास्तव्य?"

"इथंच."

"प्रकृती?"

"बरी आहे. डॉक्टर बागवानांचं पत्र आहे."

"पालकाच्या संमतीविना एखादी शस्त्रक्रिया, औषध?"

"नाही."

"पालित व्यक्तीचं नाव?" प्राजक्ताने वर बघितलं. "अजून कोरंच आहे हे."

"आई म्हणाली, तू पालक आहेस, तू ठेव."

 प्राजक्ताने तो रकाना तसाच सोडला आणि पान उलटलं. शेवटचा प्रश्न तिने मनातल्या मनात वाचला, मग मोठ्याने वाचला. "पालित व्यक्ती जिच्यासोबत राहते, त्या स्त्रीवर पालकाचा विश्वास आहे काय?"

त्यापुढे दोन चौकोन होते, होय आणि नाही. प्राजक्ताने पेन टेकवलं. पेन बराच वेळ एकाच जागी राहिलं. तृप्ती तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर पृथा सायकल शिकत होती, तिकडे बघत होती.

प्राजक्ताने दोन्ही चौकोन मोकळेच ठेवले आणि कागदाची घडी घातली.

"एवढे दोन रकाने पुढच्या महिन्यात येऊन भरते."

"अगं, चार दिवसांत द्यायचाय ना तो? आणि पाहणी वर्षातून एकदाच असते, प्राजू."

"मुदत वाढवून घेतलीय मी," प्राजक्ता म्हणाली. "त्याच्या पुढच्या महिन्यातही वाढवून मिळते."